ब्रिटनमध्ये सरकार पडतं, पुण्यात हप्त्यांची मुदत वाढते

प्रश्न असा आला आहे: 2022 साली ब्रिटनमध्ये रोखेबाजार कोसळला आणि पंतप्रधानांना घरी जावं लागलं. भारतात बाजाराची एवढी ताकद आहे का? असेल तर ती पुण्यातल्या घरांच्या किमतीत आणि सरकारच्या गृहधोरणात कुठे दिसते? विचारणारं जोडपं विमाननगरला भाड्याने राहतं आणि वाघोलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा विचार करतंय.

मी नोकरीची सगळी वर्षं पुण्यात गृहकर्ज मंजूर करण्याचं काम केलं, आधी बँकेत आणि पुढे एका गृहवित्त कंपनीत. तिथून जे दिसलं त्यावर आधारित उत्तर देते. बाजाराची ताकद आपल्याकडेही आहे. पण ब्रिटनमध्ये ती थेट कर्जदाराच्या खिशाला लागते आणि सरकारला हादरवते. आपल्याकडे ती बिल्डरच्या भांडवलातून आणि सरकारच्या महसुलातून काम करते. त्यामुळे सरकार पडत नाही, पण घरांच्या किमती पडू नयेत याची काळजी धोरण घेऊ लागतं. माझ्या मते दुसरा परिणाम जास्त दूरगामी आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

आधी ब्रिटन. 23 सप्टेंबर 2022 रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. त्यासाठी पैसा कुठून येणार हे सांगितलं नाही आणि स्वतंत्र अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाजही सोबत जोडला नाही. सरकार आता जास्त कर्ज काढणार, हे उघड होतं. गुंतवणूकदारांनी जुने सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, विकायला काढले. रोख्याची किंमत पडली की त्याचा परतावा चढतो, म्हणजेच सरकारला नवं कर्ज महाग पडतं. काही दिवसांतच 30 वर्षांच्या रोख्यांचा परतावा 5 टक्क्यांच्या वर गेला आणि पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकावर आला. त्यात तिथल्या पेन्शन फंडांनी रोख्यांवर उसनवारी करून व्यवहार केलेले होते. किमती पडल्या तसं त्यांच्याकडे जादा तारण मागितलं गेलं, ते भरायला त्यांनी आणखी रोखे विकले आणि किमती आणखी पडल्या. शेवटी बँक ऑफ इंग्लंडला 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे खरेदीची तयारी जाहीर करावी लागली. प्रत्यक्षात 19 अब्जांच्या आसपास खरेदीत भागलं.

एवढ्यावर सरकार पडलं नसतं. रोख्यांचा परतावा ही आकडेमोड करणाऱ्यांची भाषा, ती मतदाराला कळेलच असं नाही. मतदाराला कळलं ते गृहकर्जातून. ब्रिटनमध्ये बहुतेक गृहकर्जाचा दर दोन किंवा पाच वर्षांसाठी ठरलेला असतो आणि मुदत संपली की नव्याने ठरतो. हा दर रोखेबाजारावर बेतलेला असतो. त्या आठवड्यात बँकांनी शेकडो कर्जयोजना रातोरात मागे घेतल्या. दोन वर्षांचा ठरावीक दर ऑक्टोबरमध्ये 6 टक्क्यांच्या वर गेला. तिथे दर दहा कुटुंबांमागे सुमारे तीन कुटुंबांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे, आणि त्यातल्या लाखोंचा दर दरवर्षी नव्याने ठरतो. पुढच्या वर्षी आपला हप्ता किती होणार, याचा हिशेब लोक स्वयंपाकघरात बसून करू लागले. क्वार्टेंग 14 ऑक्टोबरला गेले आणि पंतप्रधान लिझ ट्रस 49 दिवसांत पदावरून उतरल्या.

आपल्याकडे ही साखळी दोन ठिकाणी तुटते. पहिली जागा सरकारी रोख्यांची. बँकांना ठेवींच्या 18 टक्के रक्कम सरकारी रोखे वगैरे सुरक्षित मालमत्तेत ठेवावीच लागते. आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि खुद्द रिझर्व्ह बँक हे बाकीचे मोठे धारक. परदेशी गुंतवणूकदारांचा वाटा अगदी किरकोळ आहे. 2024 च्या जूनमध्ये परदेशी फंड ज्यावर गुंतवणूक बेततात त्या जेपी मॉर्गनच्या रोखे निर्देशांकात आपले रोखे आले तेव्हा हा वाटा थोडा वाढला, इतकंच. त्यामुळे आपल्याकडे आरडाओरडा होतो तो शेअर बाजारात. 17 मे 2004 रोजी डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार येणार म्हणून बाजार एवढा पडला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. सेन्सेक्स 11 टक्क्यांहून जास्त खाली बंद झाला. 4 जून 2024 ला निकालाच्या दिवशी तो जवळपास 6 टक्के पडला. दोन्ही वेळा सरकारं बनली आणि बाजार सावरला.

दुसरी जागा मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हप्ता. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची आहेत आणि ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. म्हणजे कागदावर आपला कर्जदार ब्रिटिश कर्जदारापेक्षा जास्त उघड्यावर आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत रेपो 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला. अडीच टक्के! तरीही लक्ष्मी रोडवर मोर्चा निघाला नाही, विधानसभेत गदारोळ झाला नाही. कारण बँकांनी हप्ता तसाच ठेवला आणि मुदत वाढवली.

हे आकड्यांत बघा. 2021 साली कोणी 50 लाख रुपये 20 वर्षांसाठी 6.75 टक्क्यांनी घेतले. हप्ता सुमारे 38,000. दोन वर्षांनी मुद्दल साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास उरलं आणि दर 9.25 झाला. आता महिन्याचं नुसतं व्याजच साडेछत्तीस हजारांच्या वर. हप्ता जुनाच ठेवला तर मुद्दलात जेमतेम चौदाशे रुपये जातात. 18 वर्षं उरलेलं कर्ज 35 वर्षांवर जातं. तिशीत कर्ज घेतलेला माणूस निवृत्तीनंतरही फेडत राहणार, आणि त्याला हे कळतं कधी, तर करासाठी व्याजाचा दाखला काढतो तेव्हा. मुदत वाढल्याचा साधा एसएमएसही न मिळालेले कर्जदार मी पाहिले आहेत. ते हादरलेले असत, पण रागावणार कोणावर हेच त्यांना ठरवता येत नसे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: दर बदलला की ग्राहकाला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा, आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडून मुद्दल उलट वाढत जाईल असं होऊ देऊ नका. चांगला नियम आहे. पण तो आला तोवर दरवाढ पूर्ण होऊन सहा महिने झाले होते.

बोजा असा दूरच्या वर्षांत ढकलला गेला की त्याचा राजकीय आवाज होत नाही. ही सोय बँकेची आणि सरकारची, दोघांचीही आहे.

आता बिल्डरकडे येऊ. बाजाराने आपल्या गृहधोरणाला खऱ्या अर्थाने हात घातला तो 2018 ते 2021 या काळात. तोवर पद्धत अशी होती: म्युच्युअल फंड गृहवित्त आणि इतर बिगरबँक कंपन्यांना तीन-सहा महिन्यांच्या कागदावर, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांवर, पैसे देत, आणि या कंपन्या ते बिल्डरांना चार-पाच वर्षांसाठी देत. थोडक्या मुदतीचं घ्यायचं आणि लांब मुदतीचं द्यायचं. जुना कागद संपला की नवा विकून तो फेडायचा. ऑगस्ट-सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस कंपनीने देणी चुकवली आणि फंडांनी नवा कागद घेणं थांबवलं. 21 सप्टेंबरला एका फंडाने डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे रोखे चढ्या परताव्याने विकल्याची बातमी फुटली आणि त्या कंपनीचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त कोसळला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त करून तिला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत पाठवलं.

त्या हिवाळ्यात आमच्या टेबलावर काय आलं ते सांगते. मंजूर झालेल्या बांधकाम कर्जाचे पुढचे हप्ते थांबवा, असा वरून निरोप. पुण्याच्या पूर्व आणि पश्चिम कडेला अर्धवट स्लॅब पडलेल्या इमारती होत्या. त्यांतल्या फ्लॅटधारकांनी पैसे भरलेले होते आणि त्यांचा मुंबईच्या कागदबाजाराशी काडीचाही संबंध नव्हता. भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू आणि घराचा पत्ता नाही. रेरा हा घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून लागू होता. खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्तीही होती. पण बिल्डरचं बाकीचं भांडवलच आटलं तर त्या खात्याने इमारत पूर्ण होत नाही.

मग धोरण हललं, आणि कुठल्या दिशेने हललं हे नीट बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात न विकलेल्या फ्लॅटांवरचा काल्पनिक भाड्याचा कर बिल्डरांना एकाऐवजी दोन वर्षं माफ झाला. एप्रिलपासून बांधकाम चालू असलेल्या घरांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर 8 वरून 1 टक्का झाला. नोव्हेंबरमध्ये रखडलेल्या प्रकल्पांसाठी 25,000 कोटींचा स्वामी निधी जाहीर झाला. त्यातला काही निर्णय निवडणुकीआधीचा, काही नंतरचा. त्यात स्वामी निधीचं मला मनापासून कौतुक आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं त्याप्रमाणे त्यातून 50,000 घरं पूर्ण झाली, आणि अडकलेल्या कुटुंबाला चावी मिळणं याची किंमत मला माहीत आहे. पण या सगळ्या उपायांत एक गोष्ट कुठेच नाही: न विकलेले फ्लॅट कमी भावात विकले जावेत असा दबाव. पैसा आटल्यावर किंमत उतरणं हा बाजाराचा सरळ नियम. घरांच्या बाबतीत तो लागू होऊ नये यासाठी सरकार मध्ये उभं राहिलं. बिल्डरचं तारण म्हणजे तेच फ्लॅट. किंमत 20 टक्के पडली की त्याला कर्ज देणाऱ्या कंपनीचा ताळेबंद बिघडतो, तिला पैसे देणाऱ्या बँकेचाही बिघडतो, आणि बँका तर बहुतांशी सरकारच्याच.

राज्य सरकारचं कारण आणखी सरळ आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हा जीएसटीनंतर राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नातला सगळ्यांत मोठ्या स्रोतांपैकी एक. त्याचा कारभार पाहणाऱ्या नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. कोविडमध्ये व्यवहार थंडावले तेव्हा राज्याने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात शुल्क 5 वरून 2 टक्के केलं आणि पुढच्या मार्चपर्यंत 3 टक्के ठेवलं. जानेवारी 2021 मध्ये बिल्डरांना बांधकाम परवानगीसाठी भराव्या लागणाऱ्या अधिमूल्यात निम्मी सूट दिली, अट एवढीच की खरेदीदाराचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. रेपो तेव्हा 4 टक्के होता. त्या डिसेंबरात नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा होत्या. राज्य सरकारच रेडी रेकनरचे, म्हणजे शुल्क आकारण्यासाठी ठरवलेले, घरांचे दर दोन वर्षं तसेच ठेवतं आणि लोकसभा-विधानसभा दोन्ही निवडणुका उरकल्यावर एप्रिल 2025 मध्ये वाढवतं. पुण्यात आज मेट्रोचा आणि स्थानिक संस्थेचा अधिभार धरून पुरुष खरेदीदाराला 7 टक्के मोजावे लागतात, शिवाय नोंदणी फी वेगळी. घर महाग झालं तर सरकारची जमा वाढते, हे साधं गणित लक्षात ठेवूनच परवडणाऱ्या घरांच्या घोषणा वाचाव्यात. 1 टक्का जीएसटीसाठी घराची मर्यादा 45 लाख ही 2019 पासून तीच आहे. त्या पैशात पुण्यात पालिका हद्दीत दोन बेडरूमचा नवा फ्लॅट शोधून दाखवा.

पुढे बिल्डरांना पैसा देणारे बदलले, पण दबावाची दिशा तीच राहिली. ज्यांच्याकडे शेअर बाजारातून किंवा मोठ्या फंडांकडून भांडवल येत होतं ते टिकले. छोटे बिल्डर जमीन घेऊन त्यांच्या दारात गेले. कोलते-पाटील या पुण्यातल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या बांधकाम कंपनीत 2025 साली ब्लॅकस्टोन या जागतिक फंडाने मोठा हिस्सा घेतला. यात वाईट काही नाही. अशा भांडवलामुळे इमारती वेळेवर पूर्ण होतात, आणि अर्धवट इमारतींचा तो काळ पाहिल्यावर मी त्याला कमी लेखणार नाही. पण दर तिमाहीला विक्रीचा आकडा आणि नफ्याचं प्रमाण दाखवायचं असेल तर मोठा, महाग फ्लॅट बांधणं सोपं पडतं. चाळीस लाखांचं घर त्या तक्त्यात बसत नाही.

महापालिकाही बाजारात गेली होती. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्क्यांनी विकले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले. मला त्या वेळी फार आशा वाटली होती. रोखे घेणारा हिशेब मागतो, लेखे वेळेवर लागतात, मिळकतकराची वसुली विचारतो, आणि नगरसेवकाला न जुमानणारं प्रशासन निदान मानांकन संस्थेला तरी जुमानतं. पण पाच हजार कोटींच्या वर अर्थसंकल्प असलेल्या पालिकेला 200 कोटींच्या धनकोंचा धाक किती असणार? मतदाराची ओढ मोठी निघाली. स्वतः राहणाऱ्या घरमालकांना 1970 पासून मिळणारी मिळकतकरातली 40 टक्के सवलत मध्यंतरी काढून घेतली होती. मार्च 2023 मध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या विरोधात लागला आणि काही आठवड्यांत सवलत परत देण्याचा निर्णय झाला. घरमालक मतदार आहे आणि तो त्याच वॉर्डात मतदान करतो. पालिकेची दुसरी मोठी जमा बांधकाम परवानग्यांची. मिळकतकर वाढवायचा नाही म्हटलं की जास्त चटई क्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जादा बांधकामाची परवानगी, विकणं हाच मार्ग उरतो.

या खेळात भाडेकरूचा आवाज कुठेच नाही. विमाननगर, वाकड, खराडीतल्या भाडेकरूंपैकी कितीतरी जणांचं मतदार यादीतलं नाव अजून लातूर, जळगाव किंवा अमरावतीलाच आहे. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी वाढ. खराडी-येरवड्यातल्या काही मोठ्या ऑफिस इमारती बाजारात नोंदलेल्या आरईआयटींच्या, म्हणजे इमारतींचं भाडं गुंतवणूकदारांत वाटणाऱ्या न्यासांच्या, मालकीच्या आहेत, कारण ऑफिसचं भाडं गुंतवणुकीवर चांगला परतावा देतं. वर्षाचं घरभाडं बहुतेक ठिकाणी घराच्या किमतीच्या 3 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून भाड्याची घरं बांधायला ते भांडवल येत नाही. बर्लिनमध्ये बहुसंख्य लोक भाडेकरू आहेत. तिथे 2021 साली मोठ्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्या, असा कौल मतदारांनी दिला. तो अंमलात आलेला नाही, पण भाडेकरू संख्येने जास्त असले की घराचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचतो एवढं त्यातून दिसतं. तुम्ही दोघं पुण्यात राहता तर नाव पुण्याच्या यादीत घाला. हे मी अगदी गांभीर्याने सांगते आहे.

आता वाघोलीच्या फ्लॅटबद्दल. वाघोली 2021 साली पालिकेत आली, पण तिथल्या अनेक सोसायट्या अजून टँकरवर आहेत. तेव्हा महिन्याचा देखभाल खर्च आणि टँकरचा वेगळा आकार सध्या राहणाऱ्यांकडून विचारा, बिल्डरच्या माणसाकडून नको. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पावर कुणाचं तारण आहे ते बघा. बांधकाम कर्ज देणारी संस्था बिगरबँक असेल तर घाबरण्याचं कारण नाही, पण तिचं ना हरकत पत्र तुमच्या फ्लॅटचा क्रमांक घालून, बुकिंगची मोठी रक्कम देण्याआधी हातात घ्या. फ्लॅट ताब्यात येईपर्यंत हप्ते आम्ही भरतो, अशी योजना कोणी दाखवली तर नम्रपणे नाही म्हणा. 2013 साली रिझर्व्ह बँकेने आणि 2019 साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने अशा योजनांना लगाम घातला, कारण बिल्डरचे पैसे संपले की हप्ता खरेदीदाराच्या गळ्यात येतो.

कर्ज रेपोशी जोडलेलं घ्या आणि रेपोवर बँक किती टक्के जादा लावते ते मंजुरीपत्रात वाचा. 2025 मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर रेपो 6.50 वरून 5.25 वर आला आहे. आज दिसणारा हप्ता हा स्वस्त काळातला हप्ता आहे. त्यावर अडीच टक्के जादा धरून हप्ता काढा आणि तो तुमच्या दोघांपैकी एकाच्याच पगारात निघतो का बघा. निघत नसेल तर छोटा फ्लॅट घ्या किंवा आणखी दोन वर्षं भाड्याने राहून डाउन पेमेंट वाढवा. दर वाढल्याचं पत्र आलं की बँकेला लेखी कळवा की मुदत वाढवू नका, हप्ता वाढवा. आणि बोनस मिळेल तेव्हा मुद्दलात भरा, फ्लोटिंग गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.